भागीचं घोडं आणि देवासचा रस्ता

देवासहून धारला जायचं म्हणजे इंदूरला वळसा घालून बेटमा, घाटाबिल्लोद करत जवळजवळ शंभर किलोमीटर. गाडी भाची चालवत होती, तिच्या शेजारी हे, आणि मागे मी. मांडीवर पोह्यांचा डबा आणि शेवेची पुडी. होळी होऊन आठवडा झाला होता. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडला होता. माझं माहेर धारचं, त्यामुळे या रस्त्यावर मला बोलायला विषय शोधावा लागत नाही. पण त्या दिवशी घाटाबिल्लोद जवळ येईपर्यंत मला तोंड उघडायला मिळालं नाही.

भाची पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. धारला तिचं दोन दिवसांचं शिबिर होतं. कॉलेजची मुलं, बचत गटातल्या बायका आणि काही शेतकरी असे पंचवीस जण यायचे होते. पावसाळ्याआधी एका तलावाचा गाळ काढायचा, त्यात पाणी आणणारे नाले मोकळे करायचे, आणि हे काम आखायचं कसं, वाटून घ्यायचं कसं, ते शिकवायचं. आमचे हे देवासच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं प्लॅनिंगमध्ये होते. निवृत्त झाल्यापासून प्लॅनिंग करून घ्यायला मी एकटीच उरले आहे. त्यामुळे भाचीने वही पुढे करताच यांचे डोळे चमकले. पहिल्याच पानावर तक्ता होता. डावीकडे कामं, उजवीकडे नावं. नावांच्या रकान्यात पाच ओळींपुढे एकच मजकूर होता : 'सगळे मिळून'.

पुढचं जसं आठवतं तसं लिहिते. सोयीसाठी यांना मामा म्हणते.

मामा : हा 'सगळे मिळून' कोण गं? एकतीस वर्षांत हजेरीपटावर याची सही मी कधी पाहिली नाही.

भाची : मामा, हा गाव आहे, कारखाना नाही. इथे कोणी पगारी नाही. काम सगळ्यांचं आहे असं वाटलं तरच माणसं येतात.

मामा : वाटेल ना. आणि घरी बसून वाटत राहील. आपल्याकडे म्हण आहे, भागीचे घोडे किवणाने मेले. दोघांच्या भागीदारीतलं घोडं. बसायला दोघं पुढे. खरारा कोणी करायचा, जखमेवर औषध कोणी लावायचं, ते ठरलेलंच नाही. याला वाटलं तो बघेल, त्याला वाटलं हा बघेल. घोडं गेलं. तुझ्या तलावाचं तेच होणार. एका कामापुढे एक नाव, एक तारीख. यापलीकडे शिकवण्यासारखं काही नाही. दोन दिवसांचं शिबिर दोन तासांत आटपेल.

भाची : नाव लिहिणार कोण? मी? मला धारमधलं कोण सकाळी लवकर उठतं हेही माहीत नाही. बाहेरून आलेल्या बाईने नाव लिहिलं की माणूस मान डोलावतो, फोटोला उभा राहतो आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. तुमच्या तक्त्यात नाव असतं, माणूस नसतो.

मामा : आणि तुझ्या तक्त्यात माणसं आहेत पण नाव नाही. आपल्याकडचं गणपतीचं एक मंडळ आठव. दरवर्षी बैठक होते, सगळे म्हणतात, 'अरे, करून टाकू.' एका वर्षी नाटकाच्या मध्यात वीज गेली. जनरेटर होता. डिझेल नव्हतं. डिझेल आणायचं कोणाकडे होतं? सगळ्यांकडे. दीडशे माणसं अंधारात बसून एकमेकांकडे बघत होती, आणि दिसत कोणीच नव्हतं.

भाची : पुढच्या वर्षी डिझेलपुढे कोणाचं नाव लागलं?

मामा : माझं.

भाची : तुम्ही मागून घेतलंत की लावलं कोणी?

मामा : मागून घेतलं. परत त्या अंधारात बसायचं नव्हतं.

भाची : मग मी वेगळं काय म्हणते? नाव हवंच. पण ते ज्याचं त्याने उच्चारावं.

इथे मला वाटलं, मिटलं. पण देवासचा माणूस वाद मिटवायला बसत नाही. यांनी खिशातला हुकमी पत्ता काढला. आमच्या गावाबद्दल बाहेरच्या प्रत्येक पाहुण्याला हे तो दाखवतात.

मामा : तू देवासात वाढली नाहीस म्हणून सांगतो. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार, सख्खे भाऊ. बाजीरावाबरोबर माळव्यात आले. 1728 साली देवास दोघांना मिळून मिळालं. दोघांना मिळून, लक्षात ठेव. थोरली पाती आणि धाकटी पाती. 1818 साली इंग्रजांशी तह झाला तोही दोघांचा एकच, आणि कारभार एकाच दिवाणाच्या हातून चालवायचा असं ठरलं. ते निभलं नाही. 1841 नंतर दोन पात्यांचे दोन कारभार. एवढ्याशा गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. गावातला मोठा रस्ता मधोमध वाटलेला. या बाजूचं पाणी आणि दिवे एका संस्थानाचे, त्या बाजूचे दुसऱ्याचे. 1948 साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली तेव्हा कुठे गाव एक झालं. फॉर्स्टर नावाचा इंग्रज कादंबरीकार 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याने आपल्या टेकरीचं नाव दिलेलं पुस्तक लिहिलं, त्यातून हे गाव जगभर गेलं. 'सगळे मिळून'चं हे असं होतं. दोघांचं म्हणून सुरू केलं आणि एका रस्त्यावर दोन पाणीपुरवठे झाले.

भाचीने गिअर बदलला. बायपासवर गर्दी होती. तिने एक ट्रक जाऊ दिला आणि मग बोलली.

भाची : मामा, त्या रस्त्यावर नावं नव्हती का?

मामा : म्हणजे?

भाची : 1841 नंतरचं म्हणते मी. उजवी बाजू कोणाची? नाव आहे. डावी कोणाची? नाव आहे. एका दिव्यापुढे एकच नाव. तुमचा रकाना पूर्ण भरलेला होता. इतका नीट भरलेला तक्ता अख्ख्या हिंदुस्थानात नसेल. मग गाव हसण्याचा विषय का झालं?

मामा काही बोलले नाहीत. इंदूरच्या उड्डाणपुलाखालून आम्ही बाहेर पडलो तरी बोलले नाहीत. मी पोह्यांचा डबा पुढे केला. अडलेल्या प्लॅनिंगवाल्याला खायला द्यावं, हा माझा अनुभव आहे.

मामा : कापलं चुकीच्या जागी.

भाची : कसं?

मामा : रस्ता लांबीत कापला. पाणी विहिरीतून निघतं आणि घरी पोचतं. ती एक साखळी आहे. दिव्याचं तेल, वात, लावणारा माणूस ही दुसरी. पाणी एकाने बघायचं, दोन्ही बाजूंचं. दिवे दुसऱ्याने, तेही दोन्ही बाजूंचे. म्हणजे दोन कामं, दोन नावं. त्यांनी प्रत्येक काम अर्धं अर्धं केलं. कारखान्यात कोणी एका मशीनची डावी बाजू एका फिटरला आणि उजवी दुसऱ्याला दिली असती तर मी त्याला घरी पाठवला असता.

भाची : आणि तसं का केलं असेल? दोघं खुळे नव्हते.

मामा : एकमेकांवर विश्वास नव्हता. तुझं पाणी माझ्या हातात आणि माझा दिवा तुझ्या हातात, हे चालायला भरवसा लागतो.

भाची : तेच मी शिबिरात पहिल्या सकाळी करून घेते. गट पाडते आणि सांगते, काम वाटा. दर वेळी पहिली वाटणी वॉर्डाप्रमाणे होते. हा कोपरा आमचा, तो तुमचा, हा बायकांचा. आपल्या भाषेत वाटणी हा शब्दच भावांच्या घराचा आहे. वाटणी म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे भिंत येते. मग मी त्यांना तलाव काढायला सांगते. पाणी कुठून येतं, कुठल्या नाल्याने, गाळ कुठे बसतो, बांध कुठे, सांडवा कुठे. चित्र झालं की कोणीतरी म्हणतं, 'अरे, वरचा नाला भरलेला ठेवला तर आमचा कोपरा साफ करून उपयोग काय?' हे वाक्य मी कधीच बोलत नाही. ते येईपर्यंत थांबते. कधी दहा मिनिटं लागतात, कधी दुपार होते.

मामा : दुपार! प्लॅनिंगमध्ये दुपार फुकट?

भाची : फुकट नाही, त्यात क्रम कळतो. माथा ते पायथा. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, बागलीच्या डोंगरात, समाज प्रगती सहयोग ही संस्था 1990 पासून पाणलोटाचं काम करते. तिकडे काय, आपल्या राळेगण-हिवरे बाजारला काय, नियम एकच. आधी डोंगराचा माथा, मग उतार, मग ओढा, शेवटी तळं. खालून सुरू केलं तर पहिल्या पावसात वरची माती खाली येते आणि केलेलं पुसून जाते. हा नियम मी फळ्यावर लिहिला तर पाठ होतो. ए-फ्रेम हातात दिली तर कळतो. तीन काठ्या, एक दोरी, दोरीला ओळंबा म्हणून दगड. पोरं उतारावर समपातळीची रेघ आखत जातात आणि आपोआप वरून खाली येतात. क्रम पायांना कळला की डोक्याला सांगावा लागत नाही.

मामा : ते ठीक. पण क्रम कळला म्हणजे वेळ कळला असं नाही. आता माझं ऐक. पाऊस कधी?

भाची : माळव्यात जूनचा तिसरा आठवडा धरतात.

मामा : शेतकरी मृग धरतो. 7 जून. आपणही तेच धरायचं, हातात दहा-बारा दिवस राहतात. आता 7 जूनपासून उलटं मोजत ये. शेवटचं काम कुठलं? बांधाला दगड लावणं. त्याच्या आधी? गाळ बाहेर. त्याच्या आधी? उरलेलं पाणी उतरवणं. त्याच्या आधी? नगरपालिकेची परवानगी. प्रत्येकाला दिवस लाव. बेरीज कर. ज्या साखळीची बेरीज सगळ्यात लांब, तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं की अख्खं काम एक दिवस लांबतं. बाकीच्या कामांना थोडं इकडेतिकडे चालतं, हिला चालत नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ही रीत शोधली, एकीकडे रसायनांच्या कारखान्यात, दुसरीकडे नौदलाच्या क्षेपणास्त्रांसाठी. आम्ही ती देवासात पेन्सिलीने केली. तुझ्या वहीत परवानगी सातव्या ओळीत आहे. ती आज पहिल्या ओळीत हवी, आणि तिच्यापुढे असा माणूस हवा जो कचेरीच्या बाकावर तीन तास बसून कंटाळत नाही.

भाची : हे मला लिहून द्या. खरंच.

मामा : लिहून कशाला, मोजायला शिकव. पुढच्या वेळी त्यांना ना तू लागशील, ना मी.

भाची : पण तुमच्या मोजणीत एक भोक आहे. गाळ वाहायला ट्रॉल्या कोणाच्या?

मामा : शेतकऱ्यांच्या. गाळ त्यांच्याच शेतात जाणार.

भाची : एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या ट्रॉल्या गहू घेऊन मंडीत रांगेत उभ्या असतात. मग आखा तीज. त्या दिवशी आणि आगेमागे गावागावात लग्नं. माणूस मिळत नाही, ट्रॉलीत वऱ्हाड बसलेलं असतं. धार जिल्ह्यातली आदिवासी माणसं भगोरियाला गावी येतात, होळी झाली की परत मजुरीला बाहेर. म्हणजे आत्ता गेली. तुमची साखळी बरोबर आहे, पण तिच्यात कॅलेंडर कोणतं घालायचं ते पेन्सिलीला माहीत नसतं. ते त्या पंचवीस जणांना माहीत असतं. म्हणून मी आधी त्यांना बोलू देते.

मामा : ठीक. बोलू दे. पण संध्याकाळपर्यंत निर्णय हवा. नाहीतर बारभाईचा कारभार.

आता मात्र मला राहवेना. धारच्या माहेरवाशिणीसमोर बारभाईचं नाव घ्यायचं आणि तेही चुकीच्या अर्थाने!

मी म्हटलं, "अहो, बारभाईंचं काय वाईट झालं हो? धारच्या किल्ल्यात दुसरा बाजीराव जन्मला तो त्यांच्याच भीतीने. राघोबादादा पळत होते, आनंदीबाई पोटुशी, आसरा दिला धारच्या पवारांनी. 1775 चा जानेवारी. आम्हाला लहानपणी किल्ल्यात ती जागा दाखवायचे. बारभाईंनी तर दादांना पेशव्यांच्या गादीवर टिकू दिलं नाही."

भाची : मामी, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे समिती यशस्वी झाली?

मी म्हटलं, "पुरंदरावर गंगाबाईंचं बाळ सांभाळलं, पेशवाई चालवली. आणि सगळ्यांनी सगळं केलं नाही. कारस्थान आणि कारभार नाना फडणीस आणि सखारामबापूंकडे. फौज घेऊन दादांच्या पाठीवर त्रिंबकमामा पेठे. ते 1774 च्या लढाईत पडले, तर हरिपंत फडक्यांनी पाठलाग उचलला. एक पडला तर दुसरा कोण, हेसुद्धा ठरलेलं असावं तसं. म्हण मागाहून कोणी केली देव जाणे."

मामा : म्हण उगाच नाही होत. दादा दूर गेले आणि काय झालं? पाच वर्षांत नाना आणि महादजींनी सखारामबापूंना कैदेत टाकलं. बापू रायगडावर वारले. दार ठोठावणारा शत्रू आहे तोवर बारा जण एका चुलीवर जेवतात. तो गेला की बारा चुली.

भाची : तलावाच्या कामात तो शत्रू म्हणजे उन्हाळा. पहिला पाऊस पडला, तलाव भरला, की मंडळी पांगतात. पुढच्या वर्षी गाळ पुन्हा येतो आणि कोणी नसतं. मला खरी भीती त्या दुसऱ्या वर्षाची आहे.

घाटाबिल्लोदला चहाला थांबलो. कचोरी गरम होती. यांनी वही परत मागितली आणि कामांपुढे पेन्सिलीने खुणा करू लागले. परवानगी, हिशेब, ट्रॉल्या, मोजमाप, जेवण. मग एका ओळीवर पेन्सिल थांबली. 'हिशेब' या कामापुढे भाचीने कंसात लिहिलं होतं : पूर्वी न केलेल्या व्यक्तीला द्यावा.

मामा : हे काय? पैशाचं काम नवशिक्याला? ज्याला येतं त्याला द्यायचं, हा पहिला धडा.

भाची : ज्याला येतं त्याला दिलं तर येणारा दर वेळी तोच. गावात हिशेब येणारे दोघं असतात, शाळेचा मास्तर आणि दुकानदार. शंभर वर्षं तेच लिहितायत. बाई जेवण बघणार, तरुण पोरगा खुर्च्या उचलणार. ती जबाबदारी झाली की जात झाली?

मामा : तू काम शिकवायला जातेस की काम करायला?

भाची : दोन्ही. म्हणून तर भांडते.

मामा : हे बघ, आपल्याच जिल्ह्यातलं सांगतो. 2006 साली उमाकांत उमराव कलेक्टर होते. देवासात पाण्याची दशा अशी की एके काळी रेल्वेने पाणी आलेलं. ट्यूबवेल खोल खोल चाललेले. त्यांनी सुरुवात कोणापासून केली? मोठ्या शेतकऱ्यांपासून. ज्यांच्याकडे दहावा हिस्सा जमीन तळ्याला सोडण्याची ऐपत आहे आणि जे सगळ्यात जास्त पाणी उपसतात. त्यांना भागीरथ कृषक म्हटलं, तळ्याला रेवा सागर. आपली काळी माती पाणी धरते, अस्तर लागत नाही. टोंकखुर्दकडे तळी झाली, रब्बीचा गहू-हरभरा भिजला, मग लहान शेतकऱ्यांनी बघून केली. ज्याला जमतं त्याच्यापासून सुरू केलं म्हणून पसरलं. नवशिक्यांपासून केलं असतं तर पहिल्याच वर्षी आपटलं असतं.

भाची : मान्य. पण त्यात अजून एक गोष्ट आहे. जमीन त्याची, खर्च त्याचा, तळं त्याच्या डोळ्यांपुढे, पीक त्याचं. काम, नाव आणि लाभ तिन्ही एकाच माणसाकडे. तिथे माणसाला कोणी जबाबदारी शिकवावी लागली नाही. माझा तलाव सगळ्यांचा आहे. तिथे लाभ पंचवीस हजार लोकांचा आणि त्रास पंचवीस जणांचा. तिथे मला माणूस घडवावाच लागतो.

मामा : घडवायला नवशिकेच का?

भाची : तुम्ही किर्लोस्करवाडीला ट्रेनिंगला गेला होतात ना? तिथली गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. 1910 साली लक्ष्मणरावांनी माळरानावर निवडुंग तोडून गाव वसवलं. शंभोराव जांभेकर यंत्रं बघायचे, रामूअण्णा वसाहत, मंगेशराव रेगे हिशेब. एका कामाला एक माणूस, अगदी तुमच्या मनासारखं. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण? दरोड्याची शिक्षा भोगून आलेली माणसं. ज्याला येतं त्याला द्यायचं तर पहारा कोणाला द्यायला हवा होता?

मामा : चोरालाच. कुलूप कसं उघडतं ते त्यालाच कळतं.

आम्ही तिघंही हसलो. चहावाल्यानेही वळून पाहिलं. हे मात्र हसून झाल्यावर गंभीर झाले.

मामा : पण लक्ष्मणरावांनी त्यांना पहारा दिला तेव्हा स्वतः त्या माळावर राहत होते. सोपवलं आणि पाठ फिरवली असं नाही. नवशिक्याला हिशेब दे, माझी हरकत नाही. पण दर शनिवारी कोणीतरी त्याच्याबरोबर बसून वही मिळवली पाहिजे, आणि त्या कोणीतरीचंही नाव लिहिलं पाहिजे. माझ्या हाताखाली एक पोरगा होता. मोठी ऑर्डर त्याच्यावर टाकली, म्हटलं शिकेल. मधेच एक सुटा भाग आला नाही, त्याला सांगायला लाज वाटली. तीन आठवडे त्याने तक्त्यात हिरवी खूण केली. मी तक्ता बघत होतो, पोराचं तोंड बघत नव्हतो. ऑर्डर गेली. पोरगाही नोकरी सोडून गेला. तक्त्यात त्याचं नाव होतं, तारीख होती, सगळं होतं.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं मी त्यांच्या डब्यात भाजी भरली, हे मला ठाऊक नव्हतं. भाचीने वाद सोडून दिला. गाडी सुरू केली तरी थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मला वारी आठवली.

मी आळंदीहून दोनदा पायी गेले आहे. घरच्यांना वाटतं वारी म्हणजे भजन आणि गर्दी. पण इतकी नेटकी आखणी मी कुठे पाहिली नाही. रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांना क्रमांक. दिंडीत विणेकरी एक, मृदंगवाला ठरलेला, झेंडेकरी पुढे, तुळस आणि पाण्याच्या हंड्यावाल्या बायका, टाळकरी आपापल्या रांगेत. ही शिस्त लावली हैबतबाबांनी. ते साताऱ्याकडच्या आरफळचे, पण चाकरीला ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या पदरी. म्हणजे आपल्या मुलखाकडे वावरलेला, फौज पाहिलेला माणूस. लाखो माणसं, पगार कोणाला नाही, आणि पालखी ठरल्या दिवशी पंढरपुरात.

पण मला त्या गाडीत आठवली ती संध्याकाळची समाज आरती. मुक्कामाला तळावर पालखी येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा गजर आभाळाला भिडतो. चोपदार चोप वर करतो आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. कानात शांतता वाजते. पण कधीकधी एखाद्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. बाकी लाखभर माणसं गप्प, आणि ते वाजवतच राहतात. ती त्यांची तक्रार असते. जागा मिळाली नाही, पाणी आलं नाही, कोणी घुसलं. चोपदार त्यांच्याकडे चालत जातो, ऐकून घेतो, तिथल्या तिथे निवाडा होतो, मग टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंची हाक, उद्या किती वाजता निघायचं त्याची हाक, आणि मग आरती. तक्रार मिटल्याशिवाय आरती होत नाही.

मी हे सांगितलं आणि म्हटलं, "तुमच्या त्या पोराला टाळ वाजवायची सोय नव्हती."

मामा : (बऱ्याच वेळाने) नव्हती. हिरवी आणि लाल, दोनच खुणा होत्या. लाल केली की साहेबांची बैठक. कोण करेल?

भाची : आणि माझ्या शिबिरातही नाही. मी त्यांना बोलायला लावते ते पहिल्या दिवशी. काम सुरू झाल्यावर ज्याचं अडलं त्याने कोणाला हाक मारायची, हे मी कधी शिकवलंच नाही. सगळे मिळून आहोत ना, मग कोणालाही सांगा. म्हणजे कोणालाच नाही.

मामा : भागीचं घोडं.

भाची : भागीचं घोडं.

धार आलं. लहानपणी आम्ही म्हणायचो, आमचं गाव साडेबारा तलावांचं. बारा समजले, पण अर्धा कुठला यावर आम्हा मैत्रिणींची भांडणं व्हायची. मी मुद्दाम गाडी मुंज तलावाकडून घ्यायला लावली. राजा मुंजाचं नाव सांगणारा तलाव, राजा भोजाच्याही आधीचा. काठावर प्लास्टिकच्या पिशव्या, पलीकडे बगळे. हे उतरून बांधावर उभे राहिले आणि हाताने अंतर मोजू लागले. कारखाना सुटला, सवय सुटत नाही.

भाचीने बॉनेटवर वही पसरली. 'सगळे मिळून' हे शब्द पाचही ठिकाणी तिने स्वतः खोडले. रकाना कोरा ठेवला. म्हणाली, नावं उद्या तेच भरतील, पण एका ओळीत एकच. यांनी पट्टीशिवाय सरळ रेघ मारून तारखेचा रकाना आखला आणि परवानगी पहिल्या ओळीत नेली. मग दोघांचं बराच वेळ कुजबुजत चाललं आणि उजवीकडे चौथा रकाना झाला. त्याचं नाव ठेवायला मला बोलावलं. मी म्हटलं, "अडलं तर हाक कोणाला, असं साधं लिहा. 'समन्वय' वगैरे लिहू नका. बचत गटातल्या बायका विचारतील, ही कोण नवी?"

भाची : आणि मामा, दुसऱ्या वर्षीचं काय? पाऊस पडून गेल्यावर?

मामा : दिवाळीनंतर एकदा नाले बघून यायचे. आत्ताच ओळ घाल. काम संपल्यावरचं काम. तारीख आज टाकली नाही तर ती कधीच पडणार नाही.

तिने ओळ घातली. मग पेन यांच्यापुढे धरलं.

भाची : 'मोजमाप शिकवणे', ही ओळ रिकामी आहे. मला गाळाचे घनमीटर काढता येत नाहीत. नाव ज्याचं त्याने उच्चारायचं असतं, असं ठरलंय.

हे माझ्याकडे बघू लागले. मी तलावाकडे बघत होते. घरी प्लॅनिंग करून घ्यायला एक माणूस कमी झालं तर मला चालणार होतं. यांनी नाव लिहिलं, तारीख लिहिली, दर रविवार. चौथ्या रकान्याशी पेन अडलं. एकतीस वर्षं यांना लोकांनी हाक मारली होती; अडल्यावर यांनी कोणाला हाक मारायची, हा प्रश्न कोणत्याच तक्त्याने यांना विचारला नव्हता. बगळे उडून दुसऱ्या काठाला बसले, तेवढा वेळ गेला. मग त्यांनी तिथे भाचीचं नाव लिहिलं.